विश्वस्त, वास्तू आणि वस्ती
(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली म्हणजे गौरवाची भाषणे होणे स्वाभाविक आहे. देणगीदारांचे स्मरण व्हावे, दिवंगत कार्यकर्त्यांना आदरांजली वाहिली जावी, ज्यांनी रात्रंदिवस खपून समारंभ उभा केला त्यांचे कौतुक व्हावे, हे सर्व योग्यच आहे आणि त्यासाठी अधिकारी व्यक्ती येथे उपस्थित आहेत. म्हणून प्रस्तुत भाषणात गौरवाऐवजी एका बातमीचा विषय घेतला आहे. २०२५ च्या दिवाळीत पुण्यातील कितीतरी जैन घरांत फराळाच्या ताटाभोवती एकाच विषयाची चर्चा चालू होती. तो विषय म्हणजे मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंगच्या जागेची विक्री आणि त्या विक्रीस झालेला विरोध.

ही बातमी सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. कोण काय म्हणाले, कोणी कोणावर आरोप केले, हेही पुष्कळांना पाठ असेल. परंतु दिवाळी सरली, वर्तमानपत्रांची पाने बदलली आणि मुळातला प्रश्न मागे पडला. शहराच्या मध्यवस्तीत समाजाने पूर्वी उभारलेली अशी वास्तू असते तरी कोणाची? विश्वस्तांची, देणगीदारांच्या वारसांची, मुनिसंघाची, तिथे राहिलेल्या विद्यार्थ्यांची, की भोवतालच्या वस्तीची? पन्नाशीला पोहोचलेल्या संस्थेच्या समारंभात या प्रश्नाची चर्चा होणे अप्रस्तुत ठरू नये.

‘बोर्डिंग’ हा शब्द इंग्रजी असला तरी जैन घरांत तो इतका रुळला आहे की वसतिगृह म्हटले तर जुन्या माणसांना ते परके वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावची हुशार मुले हायस्कूल आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांत येऊ लागली. तेव्हा फीच्या आधी त्यांच्यापुढे ताटाचा प्रश्न उभा राही. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळाविना भाजी आणि सकाळी देवदर्शन या गोष्टी घरी आपोआप घडत. शहरातील खाणावळीत त्या मिळणे दुरापास्त होते. कित्येक आईवडील एवढ्या एका कारणासाठी मुलाचे शिक्षण थांबवून त्याला दुकानाच्या गादीवर बसवीत. आचार राखावा तर शिक्षण जाते आणि शिक्षण घ्यावे तर आचार सुटतो, या पेचातून समाजाने काढलेला मार्ग म्हणजे बोर्डिंग. शास्त्रात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन दाने एका छपराखाली आणण्याची ही कल्पना मुख्यत्वे व्यापाऱ्यांनी उचलून धरली, हे व्यापाऱ्यांविषयी एरवी जे बोलले जाते ते पाहता मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे.

मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांचे नाव या कार्यात अग्रभागी घ्यावे लागते. सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळा आजही त्यांच्या पित्याच्या नावाची आठवण देते. तथापि त्यांची खरी कीर्ती आहे ती ठिकठिकाणी त्यांनी उभारलेल्या आणि उभारण्यास साहाय्य केलेल्या बोर्डिंगांमुळे. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली आणि तिच्या कार्यकर्त्यांनी कोल्हापूर, सांगली या भागांत विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न हाती घेतला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती, त्यांत जैन बोर्डिंगही होते. श्वेतांबर समाजात आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले आणि पुढे त्याच्या शाखा पुण्यासह अन्य शहरांत निघाल्या. पंथ निराळे, परंतु अडचण एकच होती आणि तोडगाही एकच.

कोल्हापूरच्या बोर्डिंगचा उल्लेख आला की एक प्रसंग टाळता येत नाही, जरी तो समाजाला फारसा भूषणावह नसला तरी. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत या बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असा आग्रह धरण्यात आला आणि भाऊरावांनी त्यास साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची व्यवस्था पाहत होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे विद्वान होते, सुधारक म्हणून ओळखले जात होते आणि पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. म्हणजे माणूस लहान नव्हता. पण ज्या मुलाला बाहेर काढले तो त्याहून मोठा निघाला. त्या मुलाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. समाजाच्या एका बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने महाराष्ट्रभर बोर्डिंगे काढली, आणि आज कर्मवीरांचे नाव घेताना समाजाची छाती फुगते. वास्तू कोणाची हा प्रश्न त्या काळीही होता, असाच याचा अर्थ. तेव्हा तो पंक्तीच्या रूपाने आला, २०२५ साली खरेदीखताच्या रूपाने आला.

ज्यांच्या नावाने पुण्याचे बोर्डिंग ओळखले जाते ते सेठ हिराचंद नेमचंद दोशी सोलापूरचे. पेढी आणि कापूस यांचा व्यापार करणारे हे घराणे. व्यापार सांभाळून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. जैन समाजातील मराठी पत्रकारितेचा प्रारंभ सांगताना त्याचा उल्लेख आवर्जून होतो. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत भारतीय भांडवलाने पाऊल टाकावे म्हणून झगडलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे त्यांचे चिरंजीव. वालचंदांची स्मारके सर्वांना ठाऊक आहेत. पित्याच्या नावाचा स्मारक न्यास १९५८ साली स्थापन झाला आणि शिकावयास पुण्यात येणाऱ्या जैन मुलांची सोय झाली.

जागेची निवड किती विचारपूर्वक झाली होती, हे त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कळत नाही. गणेशखिंड रस्त्याच्या एका टोकाला अभियांत्रिकी आणि शेतकी महाविद्यालय, दुसऱ्या टोकाला १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ, आणि सायकलीच्या टप्प्यात फर्ग्युसन, विधी महाविद्यालय व वाणिज्य शाखेसाठी बी. एम. सी. सी. यांच्या मधोमध असलेली मॉडेल कॉलनी म्हणजे बंगले, झाडे आणि लकाकि तळे. ‘लकाकि’ हे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे, हे पुण्यातील नव्या पिढीस सांगावे लागते. मोकळी हवा हवी, पण कॉलेज दूर नको, अशा विद्यार्थ्याला याहून योग्य ठिकाण सापडले नसते. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठांतील पुष्कळ कुटुंबे विस्थापित झाली आणि शहर झपाट्याने पश्चिमेस व दक्षिणेस पसरू लागले. उपनगराच्या टोकाची जागा बघता बघता शहराच्या मध्यभागी आली. बंगले पाडून इमारती झाल्या, इमारती पाडून अधिक उंच इमारती झाल्या. बोर्डिंगचे सुमारे तीन एकरांचे आवार, त्यातील झाडे, मैदान आणि भगवान महावीरांचे मंदिर मात्र तसेच राहिले. मुलांसाठी सुरू झालेल्या त्या आवारात परिसरातील कुटुंबे दर्शनाला येऊ लागली, सणावाराला एकत्र जमू लागली. अशा रीतीने एका न्यासाची मिळकत हळूहळू वस्तीची झाली, आणि त्यासाठी कोणत्याही दस्तावर कोणी सही केली नव्हती.

व्यापारी मंडळींसमोर कायद्याचे कलम काढले की डोळ्यांवर झापड येते, ही तक्रार जुनी आहे. तरी ज्या एका कलमाशी बाजाराचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला आहे ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पूर्वी घाऊक व्यवहाराच्या बिलात मालाची किंमत, आडत आणि हमाली यांच्या खाली ‘धर्मादा’ अशी एक ओळ असे. रक्कम किरकोळच. गिऱ्हाईक ती कुरकुर न करता देई, पेढी ती वेगळ्या खात्यावर जमा करी आणि त्यातून पांजरपोळ, पाणपोई, पाठशाळा चालत. दिवाळीला वह्या बंद करताना हे खाते मालकाच्या भांडवलात कधी दाखवले जात नसे. ते देण्याच्या बाजूस लिहिले जाई. दुकान त्याचे, तिजोरी त्याची, किल्लीही त्याच्याच कमरेला, पण ती रक्कम त्याची नाही, हे कॉलेजची पायरी न चढलेल्या मुनिमालाही कळत होते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ५४ व्या कलमाने हेच सांगितले: रूढीप्रमाणे धर्मादा गोळा करणारा व्यापारी हा त्या रकमेचा विश्वस्त होय आणि त्याने तिचा हिशेब दिला पाहिजे. कायद्याने नवीन नीती शिकवली नाही, वहीतल्या जुन्या रिवाजाला फक्त नाव दिले. २०१२ पासून या अधिनियमाच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. तत्त्व तेच राहिले.

त्याच अधिनियमाचे ३६ वे कलम स्थावर मिळकतीसंबंधी आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी परवानगी लागते. परवानगी देताना आयुक्तांनी न्यासाचे हित, लाभ आणि संरक्षण पाहायचे असते. महत्त्वाची गोष्ट अशी की फसवणुकीने, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून ती मिळवल्याचे दिसल्यास दिलेली परवानगी मागे घेण्याचा अधिकारही याच कलमात आहे. पुष्कळ विश्वस्तांना या कलमाचा पहिला भाग ठाऊक असतो. दुसरा भाग २०२५ साली ठाऊक झाला.

आता घडलेल्या गोष्टींकडे वळावे. इमारत जुनी आणि जीर्ण झाली आहे, नव्या बांधकामाला निधी हवा, अशी विक्रीमागची भूमिका सांगण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी मिळाली आणि ८ ऑक्टोबर रोजी एका बांधकाम संस्थेच्या नावे खरेदीखत नोंदवले गेले. वृत्तपत्रांनी व्यवहाराचा आकडा ३११ कोटी रुपये असा दिला. पाठोपाठ त्याच मिळकतीवर दोन सहकारी पतसंस्थांच्या कर्जाचा बोजा चढल्याची बातमी आली. तेव्हा मात्र वस्ती खडबडून जागी झाली. आवारातील मंदिराचा उल्लेख कागदपत्रांत नीट झाला नाही, हा विरोध करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप होता. देव गहाण पडल्याची भावना घरोघरी पसरली. माजी विद्यार्थी पुढे आले, सकल जैन समाज म्हणून सर्व पंथांचे लोक मोर्चात चालले, आचार्य गुप्तिनंदी महाराजांनी आंदोलनास बळ दिले. २० ऑक्टोबर रोजी, ऐन दिवाळीत, धर्मादाय आयुक्तांनी ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला. महिनाअखेरीस खरेदीदाराने व्यवहारातून माघार घेत असल्याचे आणि दिलेले २३० कोटी रुपये परत मिळावेत असे कळवले. ३० ऑक्टोबर रोजी विक्रीची परवानगी रद्द झाली. या प्रकरणात राजकीय आरोप-प्रत्यारोप पुष्कळ झाले. समारंभाचे औचित्य पाहता ते येथे सोडून दिले आहेत.

या घटनाक्रमात सर्वांत बोलकी गोष्ट तारखांच्या मधल्या अंतरात आहे. परवानगी एप्रिलमधली, खरेदीखत ऑक्टोबरमधले. या सहा महिन्यांत भगवान महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुका निघाल्या, अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी झाली, चातुर्मास बसला, पर्युषण झाले, दशलक्षण पर्व झाले, हजारोंनी एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. समाज इतक्या वेळा, इतक्या संख्येने एकत्र आला. प्रत्येक समारंभात बोल्या झाल्या, सत्कार झाले, निवेदने वाचली गेली. काही जागरूक मंडळींचा अपवाद सोडल्यास तीन एकर जागेची ही गोष्ट त्या सहा महिन्यांत सर्वसामान्यांच्या चर्चेत आलेली दिसत नाही. पत्रिका छापणाऱ्या, व्हॉट्सॲपवर क्षणात संदेश पाठवणाऱ्या समाजात बातम्यांचा तुटवडा मुळीच नाही. पारण्याची बातमी पोहोचते, साखरपुड्याची पोहोचते, कोणत्या उपाश्रयात कोणते महाराजसाहेब उतरले हे तर तासाभरात पोहोचते. न्यासाच्या ठरावाची बातमी मात्र विश्वस्तांच्या खोलीबाहेर पडत नाही, कारण बाहेरून कोणी ती विचारीत नाही.

विश्वस्तांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. हे व्यासपीठ विश्वस्तांनी भरलेले आहे म्हणून नव्हे, तर ती खरोखरच अवघड आहे म्हणून. समाजाची दान देण्याची शक्ती मोठी आहे, परंतु तिला नवे बांधकाम आवडते. संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाणार असेल तर चढाओढ लागते. गच्ची गळते, मैला वाहून नेणारी नळी फुटली, विजेच्या तारा जुन्या झाल्या म्हणून पावती फाडा म्हटले की खिशातला हात बाहेर येत नाही. मुलांकडून घेतले जाणारे शुल्क बेताचे असते, मालमत्ता कर मात्र वाढत जातो. दर पावसाळ्यानंतर नवे तडे दिसतात. एखादा स्लॅब कोसळून अपघात झाला तर कोर्टाच्या पायऱ्या विश्वस्तच चढतो, टीका करणारा घरी असतो. शिवाय हिशेबाचे उत्तर वरवर अगदी सरळ दिसते. ३११ कोटी रुपये सात टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला सुमारे पावणेबावीस कोटी रुपये येतात. तेवढ्यात शहराबाहेर प्रशस्त वसतिगृह बांधून कितीतरी मुलांची फी भरता येईल, असे कोणी म्हटले तर ते बोलणे मूर्खपणाचे नाही. अशी विचारणा करणाऱ्या प्रत्येकाच्या हेतूवर संशय घेणेही बरे नाही.

पण या हिशेबात बाजारातला एक साधा नियम सुटतो. माल विकून गल्ल्यात रक्कम आली म्हणजे नफा झाला, असे कोणताही जाणता दुकानदार मानत नाही. तोच माल पुन्हा भरायचा झाला तर काय भावाने मिळेल, हे तो आधी पाहतो. पुन्हा मिळणारच नसेल तर त्याला कोणताही भाव कमीच. शिवाजीनगरसारख्या भागात, महाविद्यालयांच्या अंगणात, तीन एकर सलग जागा यापुढे कोणत्याही जैन न्यासाला विकत घेता येईल, अशी कल्पनाही करवत नाही. रुपयाची खरेदीशक्ती दरवर्षी घटते. जागेची घटत नाही. शिवाय रोख रक्कम हाताळायला सोपी असते. ठेव एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेली, एका हेतूसाठी काढलेली दुसऱ्या हेतूला लागली, तर ते चारचौघांना दिसत नाही. आवारातले एक झाड तोडले तर शेजारच्या गॅलरीतून दहा माणसे विचारतात. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे हा एक अतिचार सांगितला आहे. म्हणून चांगला कापडवाला तागा गिऱ्हाइकासमोर उलगडतो आणि मीटरपट्टी त्याला दिसेल अशी धरतो. त्याचा स्वतःवर अविश्वास असतो म्हणून नाही. माप दोघांनी पाहिले की पुढे वादाला जागा उरत नाही, म्हणून. स्थावर मिळकत हा असा सर्वांसमोर उलगडून ठेवलेला तागा आहे.

विकणे आणि मोडकळीस येऊ देणे, एवढे दोनच मार्ग असतात हेही खरे नव्हे. मालकी न्यासाकडे ठेवून रीतसर परवानगीने पुनर्बांधणी करता येते, मुदतीचा भाडेपट्टा करता येतो, एक एक भाग रिकामा करून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करता येते. माजी विद्यार्थी ही तर अशी पुंजी आहे की जिचा ताळेबंदात कोठेही उल्लेख नसतो. पन्नास-साठ वर्षांत एखाद्या बोर्डिंगातून बाहेर पडलेले डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल आणि उद्योजक मोजले तर ती यादी कोणत्याही देणगीदार-फलकापेक्षा लांब होईल. त्यांची नावे व पत्ते मात्र बहुतेक ठिकाणी जुन्या रजिस्टरांत वाळवीच्या स्वाधीन झालेली असतात. मॉडेल कॉलनीच्या प्रकरणात ही माणसे स्वतःहून आली. त्यांना कोणी निमंत्रण पाठवले नव्हते.

२०२५ हे वर्ष या दृष्टीने समाजाला जडच गेले. १६ एप्रिल रोजी मुंबईत विलेपार्ले पूर्व येथील पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडले आणि तीनच दिवसांनी हजारो लोक रस्त्यावर उतरले. तेथे मंदिर होते, भक्त होते, पूजा नित्य चालू होती. वाद होता तो बांधकामाच्या कागदाचा. पुण्यात उलट कागद झाले होते आणि वस्तीला पत्ता नव्हता. दोन्ही ठिकाणी लोक भावनेने उसळले, ते योग्यच झाले. भावना ही मात्र नेहमी घटना घडून गेल्यावर येते. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, न्यास नोंदणीचा उतारा हे कागद शांततेच्या काळात मिळवायचे असतात, आणि त्या काळात त्यांच्यासाठी अर्धा दिवस मोडायला कोणी तयार नसतो.

शहरातील कोणत्याही पेठेत चौकशी करावी. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात स्वर्गस्थ झालेले विश्वस्त सरकारी नोंदवहीत वर्षानुवर्षे विराजमान असतात आणि हयात असलेले विश्वस्त कागदोपत्री जन्मलेलेच नसतात. अशा न्यासाने सही केली तर ती कोणाची मानायची? वार्षिक सभेची सूचना सूचनाफलकावर लागते, पण फलक काचेच्या कपाटात आणि कपाट अंधाऱ्या जिन्याखाली असते. ताळेबंद अनुसूची ८ प्रमाणे आणि जमाखर्च अनुसूची ९ प्रमाणे तयार होतो, लेखापरीक्षकाची सही होते, सभेत ‘वाचल्याचे गृहीत धरावे’ असे म्हटले जाते आणि मंडळी भोजनाकडे वळतात. ताळेबंदात मागील वर्षी असलेली मिळकत यंदा त्याच किमतीने, त्याच क्षेत्रफळाने आहे की नाही, एवढी एक ओळ वाचायला दोन मिनिटे लागतात. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. घरखर्चाचा पैन्‌पै हिशेब ठेवणाऱ्या श्राविका तर ते अधिक चोख करतील. पण विश्वस्त मंडळात त्यांची संख्या किती आहे, ते व्यासपीठाकडे पाहून ज्याने त्याने मोजावे.

उरला मॉडेल कॉलनीचा प्रश्न. ३० ऑक्टोबरच्या आदेशाने विक्रीची परवानगी रद्द झाली. इमारत जीर्ण आहे, हे विक्रीसाठी पुढे केलेले कारण मात्र त्या आदेशाने नाहीसे झाले नाही. भिंती त्याच आहेत आणि नव्या शैक्षणिक वर्षात खोली मागायला येणारी मुलेही त्याच गावांतून येणार आहेत. दुरुस्तीचा अंदाजखर्च किती, त्यासाठी वेगळे खाते उघडले का, त्यात किती रक्कम जमा झाली, ही त्या वास्तूची पुढची बातमी असेल. मोर्चाला जमली तेवढी माणसे ती बातमी वाचतात का, हे तेव्हा दिसेल.